खलबतखान्यातली मिरची

मी अत्तरं करायला लागले त्याच्या मुळाशी मिरची आहे, हे मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

आमचं गाव भिवापूर. तिथे मिरचीचे सातरे असतात. सातरा म्हणजे मोठं उघडं मैदान. त्यावर लाल मिरची वाळायला पसरतात आणि बायका रांगेनं बसून तिचे देठ खुडतात. माझी आई हंगामात रोज सकाळी सातऱ्यावर जायची आणि दिवस मावळायला परत यायची. मी तिसरीत असताना वडील गेले. पुढचं माझं सगळं शिक्षण त्या देठांवर झालं.

तिच्या साडीला, केसांना, डबा बांधायच्या फडक्यालासुद्धा मिरचीचा वास असायचा. गावात तो घरोघरी असल्यामुळे मला वेगळा असा कधी जाणवला नाही. जाणवला तो नागपुरात. बारावीनंतर बी.एस्सी.साठी मी इथल्या वसतिगृहात आले. पहिल्या दिवशी पेटी उघडली आणि खोलीतली दुसरी मुलगी शिंकायला लागली, ती थांबेचना. मुलगी चांगली होती. डोळे पुसत हसून म्हणाली, "तुझ्या कपड्यांत तिखट सांडलंय का गं?" मी हो म्हणाले. सांडलं वगैरे काही नव्हतं. त्या संध्याकाळी मी सगळे कपडे दोनदा धुतले, पेटी उन्हात ठेवली आणि आईने तळाशी घातलेलं तिच्या जुन्या साडीचं अस्तर काढून कचऱ्यात टाकलं.

आई महिन्यातून एकदा भेटायला यायची, उमरेडवरून येणाऱ्या एसटीनं. मी तिला स्टँडवरच गाठायचे. वसतिगृहात पाहुण्यांना येऊ देत नाहीत, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. रविवारी येऊ देत असत. आम्ही स्टँडच्या बाकावर बसून तिने आणलेलं खायचो आणि ती दुपारच्या गाडीनं परत जायची. घरी मी तिला माय म्हणायचे. नागपुरात आल्यावर दोन-तीन महिन्यांत मी तिची आई केली. तिने एकदाच विचारलं, "काहून वं, माय म्हनाची लाज वाटते काय तुले?" मी म्हणाले, इथे सगळे आईच म्हणतात. ती बरं म्हणाली आणि पुन्हा कधी बोलली नाही.

पुढे मला एका अगरबत्तीच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथे कळलं की माझं नाक चांगलं आहे. दोन चंदनांतला फरक मी डोळे मिटून सांगायचे. कारखाना लॉकडाऊनमध्ये बंद पडला तो पुन्हा उघडला नाही. तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, एकटी राहत होते. मागच्या खोलीत एक तांब्याचं छोटं भांडं बसवलं, त्याला नळी जोडली आणि घरीच अत्तर काढायला लागले. मोगरा, खस, केवडा. सगळे करतात तेच. विकलं जाईना.

नागपुरातल्या महाल भागात एका जुन्या दुकानात मी बाटल्या आणायला जायचे. तिथून परत येताना एकदा मनात आलं की या गल्ल्यांत भोसल्यांच्या काळी कसला वास असेल? तेवढ्यावर मी दोन महिने वाचनालयात बसले. त्या काळातल्या बागांत कोणती फुलं होती, बाहेरून काय यायचं, उन्हाळ्यात पडद्यांवर काय शिंपायचे, दिव्यांत कोणतं तेल जळायचं, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. ते काम मी मनापासून केलं. या सगळ्या प्रकरणात मला ज्याची लाज वाटत नाही असं हे एकच काम आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

त्यातून तीन अत्तरं ठरली. फुलबाग, देवडी आणि खलबतखाना. पहिली दोन सहज जमली. खलबतखाना म्हणजे राजा आणि कारभारी दार लावून मसलत करायचे ती खोली. मला तिथे ओला वाळा हवा होता, तिळाच्या तेलाचा दिवा हवा होता, जुने कागद हवे होते. ते सगळं मी जमवलं, पण वास थंड यायचा. खोलीत माणसं नाहीत असं वाटायचं. मिरी घालून पाहिली, लवंग घालून पाहिली. लवंगेनं तर दवाखान्याचा वास यायला लागला.

त्याच आठवड्यात गावाकडून कोणीतरी आईने दिलेली पिशवी आणून दिली. तूर होती आणि पोत्याच्या तुकड्यात बांधलेली सुकी मिरची होती. मी गाठ सोडली आणि तिथेच जमिनीवर बसले. उन्हात तापलेली, थोडी मनुक्यासारखी गोड, थोडी धुरकट, मागे गोणपाटाचा कोरडा वास. मी ती मिरची बिया काढून, पोत्याच्या तुकड्यासकट भांड्यात घातली. तिखटपणा वाफेबरोबर वर येत नाही, वास येतो. रसायन शिकलेल्या कोणालाही हे माहीत असतं. ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवली आणि दुसऱ्या दिवशी मनगटावर एक थेंब लावला. मला कुठलाही राजवाडा दिसला नाही. दारातल्या दगडावर पाय धुणारी माय दिसली.

तरीही बाटलीवर मी खलबतखाना असंच लिहिलं.

दिवाळीच्या आधी सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉलमध्ये हाताने केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरतं. ते भरवणाऱ्या बाईंना मी नमुने नेऊन दाखवले. त्यांनी तिन्ही हुंगली. खलबतखान्यावर थांबल्या, पुन्हा हुंगलं.

"हे वेगळंच आहे," त्या म्हणाल्या. "यात काय घातलंय?"

"जुना मसाला आहे," मी म्हणाले.

"तुमच्या घराण्यात होतं का हे काम? म्हणजे पिढीजात?"

इथे मला नाही म्हणता आलं असतं. मी अगरबत्तीच्या कारखान्यात शिकले, हे वाक्य साधं होतं, खरं होतं. पण त्यांच्या टेबलावर पितळेचं घंगाळ होतं, त्यात पाण्यावर शेवंतीची फुलं तरंगत होती. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मी हो म्हणावं असं त्यांनाच वाटत होतं. मी म्हणाले, "हो. आमचे पूर्वज भोसल्यांच्या वाड्यात अत्तर काढायचे."

त्यांनी लगेच लिहून घेतलं. माझ्या कार्डावर मी आडनाव छापलेलं नव्हतं. नुसतं पहिलं नाव सुटसुटीत दिसतं, असं मी स्वतःला सांगत असे. आडनाव असतं तर नागपुरातल्या माणसाला आमची जात आणि छप्पन सालची दीक्षा, दोन्ही वाचता आलं असतं आणि मग वाड्यातलं अत्तर कोणाला पटलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

प्रदर्शनाच्या माहितीपत्रात ते छापून आलं. तिथून एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आलं, माझ्या फोटोसकट. बातमी लिहिणारीने फोनवर विचारलं, किती पिढ्यांपासून? मी म्हणाले, पाच-सहा तरी. तोपर्यंत मला ते बोलताना अडखळायला होत नव्हतं. एक पणजोबा मी जवळजवळ तयार केला होता. त्यांना वाड्यातून शेला मिळाला होता, असं मी एका गिऱ्हाइकाला सांगितल्याचं आठवतं.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. प्रदर्शन आहे एवढं सांगितलं होतं आणि येऊ नको, फार गर्दी असते, तुझे गुडघे दुखतील, हेही सांगितलं होतं.

ती प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आली. माझ्या टेबलापुढे तेव्हा एक बाई उभ्या होत्या, साठीच्या, गळ्यात ठसठशीत मोत्यांची माळ. मी त्यांना खलबतखान्यात बुडवलेली कागदाची पट्टी हुंगायला दिली होती आणि घराण्याची गोष्ट सांगत होते. अर्ध्यात असताना मला दारातून आई येताना दिसली. इस्त्रीची फिकट निळी साडी, हातात कापडी पिशवी. ती प्रत्येक टेबलापाशी थांबून मान वर करून पाट्या वाचत येत होती. मी बोलायची थांबले नाही. थांबले असते तर त्या बाईंनी वळून बघितलं असतं.

आई टेबलाशी आली. मी तिच्याकडे बघून काहीच बोलले नाही. तिने माझं वाक्य संपेपर्यंत वाट पाहिली, मग समोर ठेवलेली एक पट्टी उचलून नाकाशी नेली. तिचा चेहरा उजळला.

"हा त सातऱ्याचा वास हाये," ती म्हणाली.

मोत्यांच्या माळेच्या बाई कौतुकानं वळल्या. "सातरा म्हणजे काय हो?"

त्या दोघींच्या मधे मी बोलले. "जुना शब्द आहे," मी म्हणाले. "वाड्यात मसाल्याच्या कोठाराला सातरा म्हणायचे."

हे मला कुठून सुचलं, मला माहीत नाही. आईने पट्टी खाली ठेवली. त्या बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं. देठ खुडून खुडून तिच्या बोटांची टोकं कायमची चिरली आहेत, नखं पिवळट झाली आहेत. त्या अगदी आपुलकीनं म्हणाल्या, "मावशी, तुम्ही यांच्याकडे कामाला असता का?"

आईने माझ्याकडे बघितलं. फार तर दोन क्षण असतील. मी बाटलीचं बूच लावत होते. ते आधीच लागलेलं होतं.

"हो बाई," आई म्हणाली. "लय वर्सांपासून."

मग ती टेबलाच्या मागच्या बाजूला आली, पिशवी खाली ठेवली आणि तिथे पडलेली पुठ्ठ्याची खोकी घडी उलगडून उभी करायला लागली. त्या बाईंनी दोन बाटल्या घेतल्या. खोकं आईच्या हातात होतं. मी हात पुढे केला आणि म्हणाले, "मावशी, ते खोकं देता का?"

मला हे लिहिताना आत्ताही मधे उठावं लागलं. आईला मी जन्मात अहो-जाहो केलेलं नाही. तिने खोकं दिलं, दोन्ही हातांनी.

संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती. खोकी जुळवत होती, दोरी बांधत होती, पाणी आणून देत होती. गिऱ्हाईक नसताना मी तिला म्हणू शकले असते, माय, चुकलं. बाजूच्या टेबलावरच्या मुली ऐकतील म्हणून मी म्हणाले नाही. मी तिला चहा आणून दिला, तोही कागदी कपात, कामाला आलेल्या बाईला देतात तसा, टेबलाच्या मागे. ती सहाच्या गाडीनं जाते म्हणाली. मी तिला ऑटोनं स्टँडवर सोडलं. गाडीत चढताना ती म्हणाली, "चांगलं चालून राह्यलं तुह्यं." मी तिकीट काढून दिलं आणि हात हलवला.

प्रदर्शन संपलं, दिवाळी झाली, मी गावाला गेले नाही. फोनवर आम्ही तुरीबद्दल बोललो, गुडघ्याबद्दल बोललो. तिने विषय काढला नाही. मला वाटायला लागलं की तिला कदाचित त्याचं काही वाटलंच नसेल. लेकीचा धंदा आहे, गिऱ्हाइकापुढे असं बोलावं लागतं, असं तिने समजून घेतलं असेल. असं मानणं मला फार सोयीचं होतं. पण मी पुन्हा खलबतखाना काढायला बसले तेव्हा मला मिरचीची पिशवी सोडवेना आणि मी भांडं तसंच ठेवून भिवापूरची गाडी पकडली.

आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. बराच वेळ शेंगा सोलल्या. मग म्हणाले, "माय, त्या दिवशी मी तुला ओळख दिली नाही."

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "येयाच्या आधीच मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"पेपर आला होता इथं. विहारात वाचून दाखोला. रविवारी वंदना झाल्यावर." ती शेंगा सोलतच होती. "तुहा फोटो पाहून सगळे खूश. मंग वाचलं. मंग सगळे चूप. आपल्या बाजूच्या म्हाताऱ्यानं इचारलं, तुमच्यातलं कोन होतं वं राजवाड्यात?"

"मग तू काय म्हणालीस?"

"असंन कोनी, म्हनलं. माह्या सासरकडचं."

मी पुढची शेंग उचलली.

"पाच मिन्टं झाले होते पंचशील म्हनून," ती म्हणाली. "खोटं बोलनार नाई म्हनून. अन् तिथंच बसून खोटं बोलली मी. मंग तुह्याकडं आली, तिथं अजून बोलली. तू खोटं बोलली ते तुह्यं तू पाय. मले काहून बोलाले लावलं?"

"तू नाही म्हणायचं होतंस. सांगायचं होतंस, मी तिची माय आहे म्हणून."

"अन् तुले उघडी पाडू? तेवढ्या लोकाईत?"

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, कारण शेंगा होत्या हातात.

"मावशी म्हनली त्याचं नाई वाटलं मले," ती थोड्या वेळानं म्हणाली. आवाज तसाच होता. "पोरगी मोठ्या लोकाईत गेली का असं होते. पन माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. पायी गेला होता नागपूरले. वापस आल्यावर पाटलाच्या दारात कामाले उभं राहाचं सोडलं त्यानं. उपाशी राह्यला, पन गेला नाई. अन् तू आपल्या मानसाईले परत वाड्यावर कामाले ठेवलं."

हे मला कधीच दिसलं नव्हतं. मी आमच्या लोकांना मोठं करते आहे असं मला वाटत होतं. त्यांना अत्तराची कला दिली, शेला दिला, घराणं दिलं. आजोबा जे सोडून चालत आले होते, तिथे मी त्यांना माझ्या हाताने पोचवून आले होते, वर त्याचा मान वाटून घेत होते.

"आता काय करू?" मी विचारलं.

"मले काय इचारतं. शिकेल त तू हायेस."

मी रविवारपर्यंत थांबले. विहारात वंदना झाल्यावर उठून उभी राहिले आणि सांगितलं की पेपरातलं खरं नाही, मी बनवून सांगितलं होतं आणि आईने माझ्यासाठी ते झाकलं. लोक चटया गुंडाळायला लागले. एकीनं पाणी आणून दिलं. फक्त बाजूचे म्हातारे काका काळजीत पडले. त्यांनी ती बातमी उमरेडला आपल्या व्याह्यांच्या घरी नेऊन दाखवली होती, अभिमानानं.

"आता तिकडं काय सांगू वं मी?" ते मलाच विचारत होते. मी म्हणाले, मी येते सांगायला. ते म्हणाले, नको, राहू दे. मी गेले नाही. त्यांनी तिथे काय सांगितलं ते मला माहीत नाही.

नागपुरात परतल्यावर मी प्रदर्शनवाल्या बाईंना फोन करून खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बघा, लोकांना गोष्ट आवडलीय. तुम्ही वंशावळ थोडीच दाखवणार आहात. कशाला बदलता?" मी बदलायचं म्हणाले. तेव्हा त्यांनी विचारलं, मग खरी गोष्ट काय? मी सातऱ्याचं सांगितलं, आईचं सांगितलं. फोनवर त्यांचा आवाजच बदलला. "अहो, ही तर जास्त चांगली आहे. आईचा फोटो द्या. अत्तराचं नाव आपण मायची मिरची ठेवू."

मला ते नाव आवडलं. हेही सांगून टाकायला हवं. एक दिवसभर मला ते आवडलेलं होतं. मी कार्डाचा कच्चा मजकूरही लिहिला, त्यात आईचे चिरलेले हात होते. संध्याकाळी तो वाचला आणि कळलं की आधी मी तिला लपवून विकत होते, आता दाखवून विकणार होते. मी तो कागद फाडला. आता कार्डावर आत काय आहे एवढंच असतं: लाल मिरची, गोणपाट, वाळा, चंदन. खाली माझं नाव आहे, आडनावासकट. फुलबाग आणि देवडी त्याच नावानं विकते, कारण त्यांचा अभ्यास खरा होता. खलबतखाना हे नाव काढून टाकलं. विक्री थोडी कमी झाली, फार नाही.

वर्तमानपत्राला मी तीनदा लिहिलं. दुरुस्ती छापून आली नाही. बातमी इंटरनेटवर अजून आहे, फोटोतली मी अजून हसते आहे.

या हिवाळ्यात मला एका कॉलेजच्या मुलीचा निरोप आला. नागपुरातल्या जुन्या कारागीर घराण्यांवर ती प्रकल्प लिहीत होती, त्यात माझं घराणं तिने घेतलं होतं. वाड्यातल्या अत्तरवाल्यांवर तिची दोन पानं लिहून झाली होती, फक्त पणजोबांचं नाव हवं होतं. मी तिला कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटून सांगितलं की असं कोणी नव्हतं. तिने पानं माझ्यापुढे ठेवली. छान टाइप केलेली, खाली तळटीप, त्या बातमीची.

"पण मॅडम, हे छापून आलेलं आहे," ती म्हणाली.

"मीच छापवलं."

मी तिची माफी मागितली. तिने ती मान्य केली की नाही, कळलं नाही. मग तिने पेन काढलं. "मग तुमची आई नक्की काय करायची? मी त्यांना भेटू शकते का?"

आईला फोन केला. ती म्हणाली, "येऊ दे. पन तिले म्हन, जुने कपडे घालून ये."

मी त्या मुलीला घेऊन गेले. आई तिला सातऱ्यावर घेऊन गेली. मुलगी दिवसभर शिंकत होती, नाकाला रुमाल लावून प्रश्न विचारत होती आणि आई सगळ्यांची उत्तरं देत होती. कामाला पहिल्यांदा कोणी आणलं, उन्हात बसायचं तर डोक्यावर काय घ्यायचं, हाताची आग व्हायची तेव्हा काय लावायचं. मी बाजूला बसून ऐकत होते. यातलं बरंचसं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मग तुम्ही कामावर जायला लागलात तेव्हा या लहान होत्या ना?" मुलीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. "घरी आल्यावर यांना कसं घ्यायचात? हातांची आग यांना नाही लागायची?"

"घेतच नव्हती," आई म्हणाली. "हात कितीबी धुतले तरी जाये नाई ते. एकदा घेतलं त हिचा गाल सुजला, रातभर रडली. मंग बाजूची बाई हिले उचलून माह्या मांडीवर ठेवे. मी हात मांगं धरून बसो. तशीच पाजे."

तिने दोन्ही हात पाठीमागे धरून दाखवलं. मुलगी लिहून घेत होती. तिचं लिहून होईपर्यंत आई तशीच बसून राहिली.